मोटारीची ठिणगी

मोटारीच्या इतिहासात पिस्टन, सिलिंडर आणि चाके यांचे गुणगान पुष्कळ झाले आहे. ज्या बोटभर वस्तूवाचून हा सारा संसार सुरूच झाला नसता, तो स्पार्क प्लग मात्र बहुधा तळटीपेत राहतो. वास्तविक पेट्रोलचे एंजिन घडवणाऱ्यांना सर्वांत अधिक छळले ते इंधनाने नव्हे. ते इंधन नेमक्या क्षणी पेटवावे कसे, या प्रश्नाने. कार्ल बेंझसारख्या संशोधकाने आपल्या आठवणींत सगळ्या अडचणींमध्ये अग्रमान दिला तो याच अडचणीला.

विजेच्या ठिणगीची कल्पना तशी जुनी. १८६० मध्ये पॅरिसमध्ये एत्येन लन्वार याने जे वायुएंजिन चालवले, त्यात रुमकॉर्फच्या कॉइलमधून आलेली ठिणगी वायूचे मिश्रण पेटवीत असे. पण ही वाट पुढे सरळ गेली नाही. १८७६ च्या आपल्या प्रसिद्ध एंजिनात निकोलाउस ऑटोने विजेऐवजी ज्योतच वापरली. गॉटलीब डाइम्लरने १८८३ मध्ये तप्त नळीची युक्ती काढली. सिलिंडरला जोडलेली एक लहानशी नळी बाहेरून दिव्याने तापवून लाल ठेवायची आणि दाबलेले मिश्रण आत शिरले की ते पेटायचे. पेट्रोलच्या टाकीपासून काही हातांवर उघडा दिवा जळत ठेवून प्रवास करण्याचे धाडस त्या काळच्या लोकांना विशेष वाटत नसे, हे आज नवलाचे वाटते. बेंझने १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत वीजच पत्करली. पण तिची घटमाला लवकर दमत असे.

तप्त नळीचा खरा दोष आगीच्या भयाहून मोठा होता. मिश्रण केव्हा पेटावे हे चालकाच्या हाती नव्हते. त्यामुळे एंजिनाचा वेगही वाढवता येत नव्हता. १८९५ च्या सुमारास द दियों-बूतों यांच्या लहान एंजिनाने विजेच्या ठिणगीच्या बळावर मिनिटाला दीड हजार फेऱ्यांची मजल गाठली, तेव्हा या वादाचा निकाल लागल्यासारखाच झाला.

राहिला प्रश्न विजेच्या पुरवठ्याचा. श्टुटगार्टमध्ये १८८६ साली छोटीशी कर्मशाळा काढणाऱ्या रॉबर्ट बॉशने मॅग्नेटो या यंत्राला हात घातला. हे यंत्र एंजिनाच्याच गतीतून वीज निर्माण करी. त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्याशी जुळणारा प्लग अशी जोडी सिद्ध केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत या जोडीने इतका जम बसवला की, १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा आपल्या मोटारी आणि विमाने बव्हंशी शत्रूच्या मॅग्नेटोंवर अवलंबून आहेत, हे इंग्लंडच्या ध्यानात आले.

प्लगची रचना सांगायला सोपी आहे. मध्ये धातूची एक तार, तिच्याभोवती वीज अडवणारे कवच, त्याबाहेर आट्यांचे पोलादी अंग आणि खाली मिलिमीटरभराहून कमी अंतरावर वाकवलेला दुसरा अग्र. सारी परीक्षा असते ती मधल्या कवचाची. आत पेटलेल्या वायूंचे तपमान दोन हजार अंशांच्या वर जाते आणि दुसऱ्याच क्षणी थंड ताजे मिश्रण आत येते. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या चार-फटकी एंजिनात हा तडाखा प्रत्येक प्लगला सेकंदाला पंचवीस वेळा बसतो. चिनी मातीचे कवच त्यात तडकत असे. म्हणून केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूने अभ्रकाची पुटे वापरली. त्याच्या आद्याक्षरांचे ‘के. एल. जी.’ प्लग पहिल्या महायुद्धातील विमानांत गाजले. तो काळ असा होता की, जगाच्या बाजारातील अभ्रकाच्या पत्र्यांचा मोठा वाटा कोडर्मा-हजारीबागच्या खाणींतून जाई. भर आकाशात प्लगने दगा दिला तर वैमानिकाला रस्त्याच्या कडेला थांबण्याची सोय नव्हती, एवढे म्हटले म्हणजे या कवचाचे मोल कळते. १९३० नंतरच्या दशकात भाजलेल्या अॅल्युमिनाचे कवच आले आणि अभ्रक मागे पडले.

अमेरिकेतील कथा काहीशी विनोदी आहे. १८९९ ची पॅरिस-रूबे सायकल शर्यत जिंकणारा आल्बेर शांपियों अमेरिकेत गेला आणि बॉस्टनमध्ये १९०५ साली त्याने आपल्या नावाची कंपनी काढली. पुढे भागीदारांशी बेबनाव झाला. तो १९०८ मध्ये फ्लिंट येथे निघून गेला. नाव मात्र मागे राहिलेल्या स्ट्रॅनाहन बंधूंकडेच राहिले. ‘चँपियन’ प्लग जगभर विकले गेले ते त्यांचे. खऱ्या शांपियोंला आपल्या मालावर अखेर ‘ए. सी.’ एवढी दोन आद्याक्षरेच मिरवता आली.

कारखाने वाढले, एंजिनांचे प्रकार वाढले आणि तेव्हा कुठे ‘योग्य प्लग कोणता’ हा प्रश्न उभा राहिला. तो ठिणगीचा नाही, उष्णतेचा आहे. प्लगचे आतले टोक सुमारे साडेचारशे-पाचशे अंशांखाली राहिले तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाही. काजळीतून वीज गळते आणि एंजिन ‘मिसिंग’ करू लागते. उलट टोक नऊशे अंशांकडे गेले तर ठिणगीची वाट न पाहता तेच मिश्रण पेटवू लागते. ही अकाली आग फार वाईट; तिने पिस्टनला भोक पडल्याची उदाहरणे आहेत. या दोन मर्यादांमध्ये टोक राखायचे तर कवचाच्या नाकाची लांबी बदलावी लागते. लांब नाकातून उष्णता सावकाश निघते, तो ‘गरम’ प्लग. आखूड नाकातून ती झटकन निघते, तो ‘थंड’. गरम प्लगची ठिणगी अधिक प्रखर असते ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती साफ चुकीची आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट गाडीचेच उदाहरण घ्यावे. मुंबईच्या गर्दीत दिवसभर रेंगाळणाऱ्या टॅक्सीचा प्लग पुरता तापतच नसे. दादरहून पुण्याला निघून बोरघाट चढणाऱ्या टॅक्सीचा प्लग तळपून निघे. गाडी एकच, पण प्लगवरचा भार निराळा. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या दोन-फटकी स्कूटरची तऱ्हा आणखी वेगळी होती. तिच्या डिकीत जादा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा नसेल, असा शहाणा मालक विरळा. हे प्लग देशातच मिळू लागले ते १९५१ मध्ये बंगळूरला बॉशच्या सहकार्याने स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीमुळे. २००८ मध्ये त्या कंपनीचे नावही बॉश झाले.

जुना मेकॅनिक प्लग काढून त्याच्याकडे वैद्याने जीभ पाहावी तसा पाहत असे. फिकट तपकिरी रंग म्हणजे प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. तेलकट ओल म्हणजे रिंगा झिजल्या. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे प्लग फार गरम अथवा मिश्रणात पेट्रोल कमी. या वाचनात शिशाचाही हात होता. एंजिनातील ठोका थांबवण्यासाठी १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालू लागले. त्याची पुटे प्लगवर चढत. २००० च्या फेब्रुवारीपासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल आले, हवा त्या विषातून सुटली आणि प्लगवरचे रंगही फिके झाले. जुन्या नजरेला ते वाचणे त्यामुळे अवघड झाले, ही तक्रार तेवढी खरी.

पुढे निकेलच्या जागी प्लॅटिनम आणि इरिडियम आले. इरिडियम सुमारे चोवीसशे पन्नास अंशांना वितळते; त्यामुळे मधला अग्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक करता येतो, थोड्या दाबाने ठिणगी पडते आणि प्लग निकेलच्या प्लगाहून कितीतरी अधिक काळ टिकतो. मात्र महाग प्लग घातल्याने साध्या एंजिनाची ताकद वाढते, असे दुकानदार सांगतो तेव्हा त्याच्याकडे थोडे दुर्लक्ष करावे.

एक घोळ तेवढा शंभर वर्षांत कोणी निस्तरला नाही. एन.जी.के. या जपानी कंपनीच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड. चँपियनच्या प्लगवर आकडा वाढला की गरम. बॉशचे जुने १७५, २२५ हे आकडे वाढत्या थंडपणाचे होते, नवे आकडे नेमके उलट. एकाचा सात दुसऱ्याच्या साताशी जुळत नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना अजूनही गाडीची पुस्तिका आणि प्लगांचा तुलनात्मक तक्ता शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात.