पांढर, दळी आणि लेसर-मापन : कर्जत-खालापूरच्या रानातील प्राचीन वसाहतींचा विचार

देशावर जुन्या वस्तीचा माग काढणाऱ्यास भाषेनेच एक खूण पुरविली आहे. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, हा भेद कुणब्याच्या बोलीत रूढ आहे. मातीची घरे पडत व पुन्हा उभी राहत गेल्याने पांढरीची टेकाडे बनली. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी नेवासे येथे केलेले उत्खनन अशाच टेकाडाचे होते.

बोरघाट उतरून खालापूर-कर्जतच्या मुलखात आले की ही खूण उपयोगी पडत नाही. येथील रानातली घरे कारवीच्या कुडाची आणि पाऊस धुवाधार. वस्ती उठली की मागे फार तर दगडी जोते उरते. तेही झाडोऱ्याखाली दडते. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात असलेले कोंढाणे लेणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. तेथील ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याचे नाव कर्ता म्हणून आले आहे. भिक्षुसंघ तेथे राहत होता. अर्थात त्यास भिक्षा घालणारी गावेही जवळपास असलीच पाहिजेत. लेखात त्या गावांचा निर्देश नाही.

अशा गावांच्या शोधास लेसर-मापनाचे, म्हणजे लायडरचे, साहाय्य होण्याजोगे आहे. विमानातून सोडलेला किरण परत येण्यास किती काळ लागतो, यावरून अंतर काढतात. पुष्कळ किरण पानांवरच अडतात. काही फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. तेवढेच निवडले असता झाडीविरहित भूमीचा उठाव हाती येतो. येथील बहुतेक रान पानझडीचे असल्यामुळे चैत्र-वैशाखातील मापन विशेष फलदायी ठरावे.

अन्यत्र आलेला अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. एक्वादोरमधील उपानो खोऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सहा हजारांहून अधिक मातीचे चौथरे आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तेथे उत्खनन त्यापूर्वी अनेक वर्षे चालू होते. वसाहतीचा विस्तार लेसरने दाखविला. तिचा काळ कुदळीने ठरविला. कंबोडियातील महेंद्रपर्वत हे नगर तर शिलालेखांवरून आधीच ज्ञात होते. २०१२ मध्ये आरंभिलेल्या मापनांनी कुलेन डोंगरावरील त्याची आखणी स्पष्ट केली. तेथे नाव आधी आले, नकाशा मागाहून.

कर्जत-खालापुरात हाच क्रम अधिक आवश्यक आहे. उभ्या कड्यात कोरलेले लेणे वरून टिपणे कठीण. ठाकूर-कातकऱ्यांच्या नाचणी-वरीच्या दळीत वेचून रचलेली दगडांची ओळ आणि मोडक्या घराचे जोते यांतील भेद उठावावरून नेहमीच कळेल असे नाही. तो सांगू शकेल ती जागेची रूढ संज्ञा. कोथळीगडाच्या अंगावरील लहानशा गावास पेठ म्हणतात. तेथे उद्या चौथऱ्यांची रांग दिसली, तर तिचा संबंध गडाखालच्या बाजाराशी असावा, हे अनुमान त्या नावामुळेच सुचेल. अर्थात नाव हा पुरावा नव्हे. कोठे खणावे याचे ते दिग्दर्शन होय.

म्हणून वाड्यावाड्यांतील वृद्धांकडून पाणवठे, दळी, पाऊलवाटा आणि उठलेल्या वस्त्या यांची नावे, ती सांगणाऱ्याच्या उच्चारानुसार, टिपून घेणे हे विमान उडण्यापूर्वीचे काम आहे. त्यास विलंब परवडणारा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गाडली गेली. वाचलेल्यांचे पुनर्वसन खाली चौक परिसरात झाले. ज्यांच्या तोंडी त्या उताराचा प्रत्येक टप्पा नावाने होता, त्यांतील कित्येक त्या रात्री गेले. उरलेल्यांची मुले त्या उतारावर वाढणार नाहीत. यंत्र दहा वर्षांनी आले तरी रानातील जोती बहुधा जागीच असतील. नावे तोवर थांबणार नाहीत.