उपवासकाळाचा नित्यपाठ आणि वेपेरीचे बायबल

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला तमिळ कॅथलिक परंपरेत 'तवक्कालम्' म्हणतात. 'तप' या शब्दाचेच हे तमिळ रूप होय. भस्म बुधवारापासून, रविवार वगळून मोजलेल्या या चाळीस दिवसांत अन्नाच्या संयमाबरोबर शास्त्रवचनाचा नित्यपाठही अभिप्रेत असतो. चातुर्मासात पोथी लावणाऱ्या मराठी घरांना ही कल्पना परकी वाटू नये. मात्र घरातला नित्यपाठ स्वभाषेतल्या ग्रंथाशिवाय रुजत नाही. तमिळ ख्रिस्ती समाजाला असा ग्रंथ मिळवून देण्यात चेन्नईतील वेपेरीचा वाटा मोठा आहे.

कुटुंबाने रोज शास्त्र वाचावे, हा जर्मनीतील हाले येथील भक्तिपंथाचा आग्रह. त्याच संस्कारात वाढलेल्या त्सीगेनबाल्गने तरंगंबाडीत तमिळ नवा करार सिद्ध केला व तो १७१५ साली छापून पूर्ण झाला. पुढे १७४२ मध्ये फाब्रिसियस मद्रासला आला. इंग्रजांनी १७६१ मध्ये पाँडिचेरी जिंकल्यावर तेथील छापखाना वेपेरीच्या मिशनऱ्यांच्या हाती आला आणि १७७२ मध्ये फाब्रिसियसचा नवा करार प्रसिद्ध झाला.

या वाचनाने काय घडवले, हे पुढच्या शतकातील एका वादावरून कळते. १८१४ साली मद्रासला आलेल्या ऱ्हेनियसने हे भाषांतर अधिक सुबोध, प्रवाही तमिळमध्ये सुधारण्याचे काम हाती घेतले. त्याला विरोध करणाऱ्यांत तंजावरचा वेदनायकम् शास्त्री अग्रेसर होता. मराठे राजे दुसरे सरफोजी आणि तो, दोघेही श्वार्ट्झचे शिष्य. पुढे त्याला सरफोजींचा राजाश्रयही लाभला. जातिभेदाच्या प्रश्नावरील तंटेही या वादात मिसळले होते. तेव्हा केवळ वाङ्मयीन निष्ठेवर त्याचा उलगडा करणे योग्य नव्हे. तरीही जुन्या शब्दांविषयीचा त्याचा हट्ट अर्थपूर्ण आहे. प्रार्थनेत आणि पठणात मुरलेला शब्द बदलणे त्याला स्वतःची भाषा हिरावली जाण्यासारखे वाटले. परकीयाने केलेले भाषांतर दोन पिढ्यांच्या उच्चाराने वाचकांचे झाले होते. बोवरच्या नेतृत्वाखालील नवे भाषांतर १८७१ मध्ये आल्यानंतरही लुथरपंथीयांनी फाब्रिसियसचा पाठ सोडला नाही.

ऱ्हेनियसचा आग्रहही दुर्लक्षणीय नाही. न कळणारा शब्द श्रद्धेने उच्चारला तरी तो आचरणापर्यंत पोहोचेलच असे नाही. मराठीत पंडिता रमाबाईंनी सामान्य स्त्रियांना समजेल अशा भाषेत संपूर्ण बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली त्यांचे निधन झाल्यानंतर ते प्रसिद्ध झाले.

नित्यपाठाचे मोल या दोन आग्रहांच्या ताणातच आहे. एकदा वाचून अर्थ कळतो. रोज वाचून त्या अर्थाची जबाबदारी अंगावर येते. चाळीस दिवसांचा नेम वाचकाला आवडती वचने निवडून इतर टाळू देत नाही. पश्चात्तापाचे आणि क्षमेचे कठीण शब्दही त्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागतात. वेदनायकम् शास्त्रीने जपला तो हा उच्चार. ऱ्हेनियसने मागितला तो त्याचा अर्थ. तपाला दोन्ही लागतात.