मोटारगाडींतील उष्मा



जुन्या मोटारींचा शोक हा जुन्या वाड्यांच्या शोकासारखा आहे. वास्तूची शोभा सर्वांस दिसते. छप्पर कोठें गळतें हें मात्र तींत राहणाऱ्यालाच ठाऊक असतें. माझ्याजवळ एक जुनी विलायती मोटार होती. वैशाखांत तींत बसलें कीं अर्ध्या तासांत पाय चुलीपुढें धरल्यासारखे तापत. मीं प्रथम एक जाड नमदा अंथरला, मग त्यावर दुसरा अंथरला, शेवटीं काथ्याची चटई घातली. उष्मा तिळभरहि कमी झाला नाहीं. अखेर एका वृद्ध मिस्त्रीनें बॉनेट उघडून इंजिनावरील एक लहानशी पितळी तोटी दाखविली आणि विचारलें, "साहेब, ही उघडी कां ठेवली आहे?" ती तोटी हीटरची होती. भर उन्हाळ्यांत मी माझी गाडी शेकत हिंडत होतों! त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून बसला: हा उष्मा गाडींत शिरला कसा, आणि त्याला आंत बोलाविलें कोणीं? त्याचें उत्तर इतिहासांत आहे.

आज आपण ज्याला डॅशबोर्ड म्हणतों तो मूळचा घोडागाडीचा. टापांनीं उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊं नये म्हणून ही फळी लावीत. पुढें घोडा गेला, त्याच्या जागीं इंजिन आलें, आणि चिखल अडविणाऱ्या त्या फळीवर उष्णता, धूर व तेल अडविण्याचें काम येऊन पडलें. आरंभीं हें काम जड नव्हतें, कारण गाडी उघडी होती. आंत आलेली उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाई. युरोप-अमेरिकेंतील प्रवाशांना चिंता होती ती थंडीची. ते केसाळ कातड्याचे कोट घालीत आणि पायांखालीं निखाऱ्यांची पेटी ठेवीत.

मग गाडीला पक्कें छप्पर व कांचेचीं तावदानें आलीं. अमेरिकेंत १९१९ सालीं नव्या मोटारींपैकीं बंद मोटारी शेंकडा सुमारें १० होत्या. १९२४ सालीं त्या ४३ झाल्या आणि १९२७ सालीं ८५. हडसन कंपनीनें १९२१ च्या अखेरीस एसेक्स नांवाची साधी बंद गाडी १,४९५ डॉलरांस आणिली, आणि १९२५ सालीं तर तिची किंमत उघड्या गाडीहूनहि खालीं उतरविली. अवघ्या आठ वर्षांत मोटार ही ओसरी न राहतां खोली झाली. खोलीचे गुण तिच्यांत आले, तसे दोषहि आले. ओसरीवरचा धूर आपोआप जातो, खोलींतला कोंडतो.

आणि ही खोली कशाला लागून होती? तर एका भट्टीला. त्या काळच्या इंजिनांत जळणाऱ्या पेट्रोलच्या शक्तीपैकीं फार तर चौथाई चाकांच्या कामीं येई. उरलेली सारी उष्णता होऊन कांहीं रेडिएटरच्या पाण्यावाटे, कांहीं धुराच्या नळीवाटे बाहेर पडे. ही धुराची नळी प्रवाशांच्या पायांखालूनच मागें जाते! तरीहि थंड देशांत या शेजाराचा कोणाला राग आला नाहीं. उलट त्याचा उपयोग करून घेण्याची युक्ति निघाली. फोर्डच्या मॉडेल-ए गाडीसाठीं मिळणाऱ्या एका हीटरांत धुराच्या तप्त नळीवरून फिरलेली हवाच आंत सोडीत. नळीला चीर पडली तर त्या उबेबरोबर विषारी वायूहि आंत येई. पुढें इंजिनाचें कढत पाणी एका लहान जाळींतून खेळवून तिच्यावर पंख्यानें वारा घालण्याची सुरक्षित रीत रूढ झाली. नॅश कंपनीनें १९३८ सालीं बाहेरची स्वच्छ हवा गाळून, तापवून आंत सोडणारी योजना काढली. आजच्या हीटरांची ती पूर्वज होय.

परंतु उष्णता आंत आणणें सोपें, तिला 'पुरे' म्हणणें कठीण. अनेक ब्रिटिश गाड्यांत हीटरचें पाणी बंद करण्यासाठीं बॉनेट उघडून इंजिनावरील तोटी हातानें फिरवावी लागे. वर्षांतून दोनदां, ऋतु पालटला म्हणजे. गंमत अशी कीं, गारव्याचीहि तीच कथा झाली. पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या गाड्यांत हवा थंड करणारें यंत्र बसवून दिलें. त्याची किंमत होती २७४ डॉलर. तें बंद करण्यासाठीं मात्र इंजिनावरील पट्टाच काढून ठेवावा लागे. ऊब असो वा गारवा, तिचा लगाम बसणाऱ्याच्या हातीं नव्हता.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्या दोन गाड्या धावल्या, त्या दोन्हींचें रेखाटन हिवाळ्यांत बर्फ पाहणाऱ्या नगरांतलें. बंगालमधील उत्तरपाडा येथें २०१४ सालापर्यंत बनलेली अँबॅसेडर ही मूळची इंग्लंडांतील काउली येथील मॉरिस ऑक्सफर्ड. आणि मुंबईंत कुर्ल्यास बनलेली पद्मिनी ही ट्यूरिन शहरची फियाट ११००. उन्हाळ्याशीं झगडण्याचें तिचें मुख्य शस्त्र म्हणजे पुढच्या खिडकींतील तें लहानसें तिकोनी तावदान. जनरल मोटर्सनें १९३३ सालीं अशीं तावदानें प्रचारांत आणिलीं. तें वळवून धरलें कीं समोरचा वारा थेट अंगावर येई. पद्मिनी टॅक्सीला मुंबईनें ऑक्टोबर २०२३ मध्यें निरोप दिला. त्या तिकोनी झरोक्याची झुळूक अनेकांच्या स्मरणांत असेल.

उष्मा अडविण्याच्या इतिहासाचें एक पान मात्र काळें आहे. इंजिन व प्रवासी यांच्यामधील भिंतीला लावण्यासाठीं ॲस्बेस्टॉस ही खनिज तंतूंची वस्तु अनेकांनीं वापरली. ती जळत नाहीं आणि स्वस्त मिळे. इंग्लंडांत रॉचडेल येथें हे तंतु कातणारी नेली केर्शॉ ही कामगार स्त्री १९२४ सालीं वयाच्या ३३ व्या वर्षीं वारली. तिच्या फुप्फुसांत ते तंतु आढळल्याचें डॉ. कुक यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें. १९३० सालीं मेरेवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल निघाला आणि १९३१ सालीं तेथें कारखान्यांसाठीं नियम झाले. तरीहि पुढें कित्येक दशकें ही वस्तु मोटारींत येतच राहिली. कोणाच्या पायांना झळ लागूं नये म्हणून दुसऱ्या कोणाचा श्वास कोंडला. म्हणून जुन्या गाडीच्या भिंतीवरील करडा, तंतुमय पुठ्ठा हौसेनें खरवडूं नका. तें काम जाणकारावर सोपवा.

मग इलाज काय? उष्णतेच्या वाटा तीन: स्पर्शाची, वाऱ्याची आणि किरणांची. नमदा पहिली वाट अडवितो. पण गाडींत बहुधा दुसरीच वाहती असते. गाडी वेगांत असतां बॉनेटखालच्या तप्त हवेवर दाब येतो आणि ती तारा, पेडलें व गिअरचा दांडा यांच्या भोकांतून आंत घुसते. त्या भोकांतील रबराचीं कडीं वाळून तडकलेलीं असतात. तीं नवीं घालणें हा स्वस्तांतला उपाय. तत्पूर्वीं हीटरची तोटी पुरी बंद होते कीं नाहीं हें पाहावें: गाडी तापल्यावर तिच्यापुढील रबरी नळीजवळ हात नेतांच झळ लागली, तर तोटी गळते असें समजावें. तिसरी वाट धुराच्या नळीची. येथें चकचकीत पत्रा कामीं येतो, कारण उजळ धातु किरणें परतवितो. ड्यूअर यांनीं १८९२ सालीं आपल्या निर्वात बाटलींत हेंच तत्त्व योजिलें. मात्र पत्रा व गाडीचा तळ यांमध्यें बोटभर पोकळी हवी. पत्रा तळाला टेकला कीं स्पर्शाची वाट उघडली. आणि उष्म्याबरोबर धुराचा वास येत असेल, तर गारव्याचा विचार बाजूस ठेवून प्रथम नळी तपासावी. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाहीं; धुराचा वास ही त्याची वर्दी समजावी.

माझे दोन नमदे व काथ्याची चटई अजून माळ्यावर आहेत. तीं मीं टाकलीं नाहींत. घरांत, संसारांत वा कारभारांत एखादा ताप वाढला, कीं आपण प्रथम त्यावर पांघरूण घालूं पाहतों. तो कोठून येतो हें पाहण्यास बॉनेट उघडावें लागतें आणि हात काळे होतात. पण तोटी सांपडली, कीं ती फिरविण्यास एक क्षण पुरतो. मला तो धडा एका मिस्त्रीनें दिला. तो आपल्यापर्यंत पोंचवून मी आपली रजा घेतों.