चार ठिकाणी टेकत

माझी आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला एक फेरी मारत असे. ही फेरी किलोमीटरहून थोडी जास्तच भरते. पुढे आम्ही तिला उपनगरात आमच्याकडे आणले. लिफ्ट, स्वतंत्र खोली, सगळे होते. पण वर्षभरात तिचे बाहेर पडणे थांबले. गुडघे गेले, असे आम्ही धरून चाललो. डॉक्टर म्हणाले, गुडघे वयाच्या मानाने बरे आहेत. मग मला ते मैदान आठवू लागले.

त्याची कथा प्लेगपासून सुरू होते. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि दाटीवाटीच्या, काळोख्या वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या शहरातून रुंद रस्ते काढले, उत्तरेला दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. घरांना उजेड हवा, वस्तीला मोकळी जागा हवी, हा विचार तेव्हा रुजला. १९२५ साली 'माहीम पार्क' लोकांसाठी खुले झाले. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले.

या साऱ्या खटाटोपात म्हातारी माणसे कुणाच्या डोळ्यांसमोर असतील, असे मला वाटत नाही. १९५१ च्या सुमारासही देशाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, हे खरे. तरी साठी ओलांडणारे थोडेच. मैदान होते ते हवेसाठी आणि खेळासाठी. पण त्याच्या भोवतीची भिंत बुटकी, टेकता येईल एवढीच. तोच प्रसिद्ध कट्टा! नाव झाले तरुणांच्या गप्पांमुळे, पण माझ्या मते त्याचे खरे धनी आईच्या वयाचे. डोक्यावर पर्जन्यवृक्षांची सावली, दम लागला की दोन पावलांवर बैठक, आणि शेजारी कुणीतरी ओळखीचे.

"सलग फेरी मी कधी मारलीच नाही रे," आईने परवा सांगितले, "चार ठिकाणी टेकायची." इतकी वर्षे मला हे ठाऊक नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ज्येष्ठांना सोयीच्या शहरांविषयी मार्गदर्शिका काढली. तीत सपाट पदपथ आणि स्वच्छतागृहांबरोबर बसायच्या जागांचाही आग्रह आहे. आमच्या रस्त्यावर पदपथाची कड जवळजवळ गुडघ्याएवढी, वर मोटारसायकली उभ्या, आणि कोपऱ्यापर्यंत टेकायला काही नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला मी विनंती केली. त्याने दुकानाबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. आई सध्या तिथपर्यंत जाते. एकशे साठ पावले, तिनेच मोजली आहेत. त्यापुढे मंदिर आहे, पण मध्ये दुसरी खुर्ची नाही.