‘शेड्यूल्ड’ म्हणजे काय?

तळवड्यात आमच्या वस्तीतल्या एका मुलाचा प्रवेशाचा फॉर्म भरून देत होतो. त्याने विचारले, "सर, शेड्यूल्ड म्हणजे वेळापत्रकातले ना?" वडील कंपनीत पाळीवर जातात, शिफ्टचे शेड्यूल त्याच्या घरात रोजचेच. मी हसलो आणि लगेच ओशाळलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. दाखल्यावरचा हा शब्द मीही कित्येक वर्षे अर्थ न विचारता वागवला होता.

१९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. मराठीत तिचे नाव ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. शिंदे यांची तळमळ खरी होती. तरी हे दोन शब्द एक नव्हेत. डिप्रेस्ड म्हणजे दाबलेला. दाबलेला म्हटले की दाबणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. निराश्रित म्हटले की दाबणारा दिसेनासा होतो आणि आश्रयदाता पुढे येतो. ‘दलित’ या शब्दाने त्या दाबणाऱ्याला पुन्हा उजेडात आणले.

बाबासाहेबांना ‘डिप्रेस्ड’ही मान्य नव्हता. आपला समाज हीन आणि असहाय आहे असा समज त्यातून होतो, हा त्यांचा आक्षेप. नोव्हेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेपुढील पुरवणी निवेदनात त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी नाव बदलून मागितले; ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू’ असे पर्याय दिले. १९३२ साली मताधिकार समितीच्या वेळी त्यांनी ‘एक्स्टीरिअर’ व ‘एक्स्क्लूडेड’ हे शब्द सुचविले. एक बाहेर असलेला, दुसरा बाहेर ठेवलेला. भेद एवढाच, पण दुसऱ्यात ठेवणाऱ्याचा हात दिसतो.

१९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ आले. शेड्यूल म्हणजे कायद्याला जोडलेली यादी. शब्द कोरडा आहे. त्यात शिवी नाही, दयाही नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ हे गोड नाव कायद्यात घातले गेले, तेव्हा बाबासाहेब व त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले.

मात्र कोरड्या यादीलाही दार असते. १९५० च्या आदेशाने ती, काही शीख जाती वगळता, हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या यादीत शिरायला १९९० साल उजाडावे लागले.

मी मुलाला सांगितले, "वेळापत्रकातले नव्हे, यादीतले."

"यादी कुणी केली, सर?"

शब्दकोशात न सापडणारा हा प्रश्न त्याने आपणहून विचारला. फॉर्म बाजूला ठेवून आम्ही बोलत बसलो.