सहीनंतरची पाच वर्षं

1993 साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलहून सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी चर्चमधल्या तरुण मुलामुलींसाठी एक छापील कार्ड काढलं. चळवळीचं नाव ‘ट्रू लव्ह वेट्स’. रिचर्ड रॉस आणि जिमी हेस्टर हे तिचे सूत्रधार. कार्डावर मजकूर एका वाक्याचा, त्याखाली सही. लग्नापर्यंत शरीरानं पवित्र राहीन, एवढीच ग्वाही. ती कुणाकुणाला द्यायची, ही यादी मात्र लांबलचक: देव, आपण स्वतः, घरचे, पुढे मिळेल तो जोडीदार, आणि अजून न जन्मलेली मुलंसुद्धा!

जुलै 1994 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अशी दोन लाखांहून जास्त कार्डं हिरवळीत खोचली गेली. 1996 मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये कार्डांची चळत थेट छतापर्यंत चढवली. आयोजकांनी हे आकडे यश म्हणून मिरवले. पण कार्ड हा सहीचा पुरावा असतो, वागणुकीचा नव्हे.

त्याच 1996 साली कल्याणकारी योजनांच्या फेररचनेचा कायदा झाला आणि संयमशिक्षणासाठी वर्षाला पाच कोटी डॉलर ठरले. कायद्यातली आठ कलमी व्याख्या वाचली की गंमत वाटते. भाषा आरोग्याची आणि आर्थिक स्वावलंबनाची, आग्रह कार्डावरचाच. देव तेवढा गाळलेला. व्यवहारात तो गळला नव्हता. ‘सिल्व्हर रिंग थिंग’ या ख्रिस्ती संस्थेच्या कार्यक्रमात मुलं चांदीची अंगठी घालून शपथ घेत. संस्थेला दहा लाख डॉलरहून जास्त सरकारी पैसा मिळाला होता. मे 2005 मध्ये नागरी स्वातंत्र्यवाद्यांच्या संघटनेनं केंद्र सरकारवर दावा लावला, ऑगस्टमध्ये अनुदान थांबलं, फेब्रुवारी 2006 मध्ये तडजोड झाली.

वागणुकीबद्दल काही सांगतात ती किशोरवयीनांच्या राष्ट्रीय पाहणीची उत्तरं. त्याच मुलांना काही वर्षांनी पुन्हा गाठून विचारलेली, म्हणून मोलाची. 2001 मध्ये बेअरमन आणि ब्रूकनर यांनी त्यावरून दाखवलं की शपथ घेणाऱ्यांचा पहिला शरीरसंबंध सरासरी दीड वर्षानं लांबला. हे चळवळीच्या बाजूचं आहे, आणि टीकाकार ते सोयीनं विसरतात. अट एवढीच, की शाळेत शपथ घेणारे थोडे असावेत. सगळ्यांनीच घेतली की तिचा प्रभाव ओसरे.

2009 मध्ये जॅनेट रोझेनबाम यांनी तुलना अधिक कसून केली. शपथ घेणाऱ्या 289 जणांसमोर शपथेआधी श्रद्धेनं आणि विचारांनी त्यांच्यासारखेच असलेले, पण शपथ न घेतलेले 645 जण ठेवले. पाच वर्षांनी दोन्ही गटांत लग्नाआधीच्या संबंधांचं प्रमाण सारखंच निघालं. शपथ घेतलेल्यांपैकी 82 टक्के जणांनी तर आपण कधी शपथ घेतल्याचंच नाकारलं. फरक उरला तो एका ठिकाणी: गर्भनिरोधकं आणि कंडोम वापरण्यात शपथवाले मागे होते.