पूर्वतयारी हीच संहिता : भूमिकाखेळातील पात्र आणि वस्तू (१९६९–१९८४)

१

साहित्यकृतीच्या निर्मितिप्रक्रियेचा विचार करताना समीक्षा लेखकाच्या टाचणवह्यांना, आराखड्यांना आणि खर्ड्यांना सामान्यतः दुय्यम स्थान देते. कादंबरी सिद्ध झाली की तिच्यामागील टिपणांना दस्तऐवजाचे मूल्य तेवढे उरते; संहितेचा मान सिद्ध कृतीलाच मिळतो. ही उतरंड ज्या एका कथनप्रकारात पूर्णतः उलटी होते, तो म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात आकाराला आलेला, टेबलाभोवती बसून खेळला जाणारा अद्भुतकथात्मक भूमिकाखेळ.

या खेळाची रचना थोडक्यात अशी. चारसहा खेळाडूंपैकी प्रत्येकाकडे एक पात्र असते. एक जण पंचाची भूमिका घेतो. काल्पनिक जगाचे वर्णन करणे आणि खेळाडूंखेरीज इतर सर्व व्यक्ती, प्राणी व घटना उभ्या करणे हे त्याचे काम. आपले पात्र काय करते हे खेळाडू शब्दांत सांगतो आणि कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. अशा बैठकांची महिनोन्‌महिने चालणारी मालिका म्हणजे 'मोहीम'. बैठकीत घडणारी कथा तोंडी असते आणि बैठकीबरोबरच विरून जाते. मागे उरतात ती पात्रांची पत्रके, चौकटीच्या कागदावरील नकाशे, वस्तूंच्या याद्या, रंगवलेल्या लघुप्रतिमा आणि झिजलेले फासे. म्हणजे या प्रकाराच्या इतिहासकाराच्या हाती कृती लागत नाही. तिची तयारी तेवढी लागते.

ही तयारी केवळ खेळाची पूर्वअट मानायची, की तिलाच संहिता समजून वाचायचे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. वोल्फगांग इझर यांनी वाचनव्यवहाराच्या मीमांसेत संहितेतील 'रिकाम्या जागां'ना जे महत्त्व दिले, ते येथे विशेष उपयोगी पडते. मोहिमेची तयारी ही जवळजवळ संपूर्णपणे रिकाम्या जागांचीच रचना असते. काय लिहून ठेवायचे आणि काय मुद्दाम लिहायचे नाही, या निवडीतच तिचे वाङ्मयीन मर्म आहे. १९६९ ते १९८४ या दीड दशकाचा इतिहास पाहिला असता या निवडीचे स्वरूप कसे बदलत गेले ते स्पष्ट होते.

२

या खेळाचे मूळ युद्धखेळात आहे. प्रशियात गेओर्ग लिओपोल्ड फोन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी एक खास टेबल तयार केले. त्याच्या खणांत भूप्रदेशाचे सुटे ठोकळे ठेवलेले असत आणि ते जुळवून रणभूमी मांडता येई. त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि निःपक्षपाती पंच यांवर आधारलेले नियम प्रसिद्ध केले. पुढे १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ यांनी नियमांच्या जंजाळापेक्षा अनुभवी पंचाच्या विवेकावर भर देणारी पद्धती पुरस्कारिली. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ च्या 'लिटल वॉर्स'मुळे हा खेळ लष्करी शाळांबाहेर, खेळण्यातल्या शिपायांसह घराघरांतील जमिनीवर आला. मात्र या परंपरेत एका सोंगटीचा अर्थ बहुतेक वेळा एक पलटण असा होता. सोंगटीला नाव नव्हते, इच्छा नव्हती आणि पूर्वायुष्यही नव्हते.

हा संकेत मोडला तो १९६९ मध्ये मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी. नेपोलियनच्या काळातील 'ब्राउनस्टाइन' नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव त्यांनी रचले आणि खेळाडूंना पलटणींऐवजी व्यक्तींच्या भूमिका दिल्या. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी सावकार, तर कोणी विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाचे हेतू वेगळे होते. खेळाडू आपापसांत कुजबुजू लागले, कट रचू लागले, आणि लढाई बाजूलाच राहिली. वेस्ली यांना हा प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. येथे पात्राची तयारी म्हणजे एक पद आणि एक हेतू, एवढीच होती. परंतु तेवढ्यानेही पलटणीची व्यक्ती झाली.

याच मालिकेतील पुढील एका खेळात लॅटिन अमेरिकेतील एक काल्पनिक प्रजासत्ताक होते. डेव्ह अर्नेसन यांच्या वाट्याला पत्रके वाटणाऱ्या विद्यार्थी-क्रांतिकारकाची भूमिका आली. सहभागी मंडळींच्या आठवणींनुसार, ते अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे बनावट ओळखपत्र घरून तयार करून घेऊन आले आणि आपण मूळचे हेरच आहोत, असे त्यांनी इतरांना पटवून दिले. नियमांत अशा वस्तूला काहीच स्थान नव्हते. तरीही कागदाच्या त्या कपट्याने खेळातील सत्तासंबंध बदलले. पंचाने दिलेल्या भूमिकेच्या रिकाम्या जागेत खेळाडूने आपली वस्तू घालून पात्राचा अर्थच पालटला, अशी ही घटना आहे. पात्र आणि वस्तू यांचे नाते या प्रकाराच्या बाल्यावस्थेतच किती खोल होते हे तीवरून दिसते.

३

अर्नेसन यांनी पुढे टेबल-टेनिसच्या टेबलावर खेळण्यातील किल्ल्याची प्रतिकृती मांडून 'ब्लॅकमूर' ही मोहीम सुरू केली. तिच्यासाठी त्यांनी गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या 'चेनमेल' या मध्ययुगीन युद्धनियमांचा आणि त्यांतील अद्भुतविषयक पुरवणीचा काही आधार घेतला. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गायगॅक्स यांच्याशी झालेल्या सहकार्यातून १९७४ च्या आरंभी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाले. तीन पुस्तिका, एक पेटी, किंमत दहा डॉलर आणि पहिल्या छपाईच्या १,००० प्रती. हा खेळ कागद, पेन्सिल आणि लघुप्रतिमा यांच्या साहाय्याने खेळता येतो, असे मुखपृष्ठावरच नमूद केले होते. शीर्षकातच आपल्या साधनसामग्रीची यादी देणारी कथनाची पुस्तके फारशी आढळत नाहीत.

या संचातील पात्ररचनेची रीत लक्षणीय आहे. बल, बुद्धी, विवेक, शरीरधारणा, चापल्य आणि व्यक्तिप्रभाव अशा सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकावयाचे आणि ३ ते १८ यांमधील जी बेरीज येईल ती पात्राची प्रकृती. हे फासे टाकण्याचे काम मूळ नियमांत खेळाडूकडे नव्हते. ते पंचाकडे होते. माणसाला जसा देह मिळतो तसे खेळाडूला हे अंक मिळत. त्यानंतर पुन्हा तीन फाशांच्या बेरजेची दहापट इतक्या सोन्याच्या नाण्यांत सामग्री घ्यावयाची. दोर, मशाली, लोखंडी खुंट्या, दहा फुटी काठी, आरसा, लसूण. ही यादी वरवर दुकानदाराची वाटते. प्रत्यक्षात तीत कथेच्या शक्यता साठवलेल्या आहेत. आरसा घेणाऱ्याने नजरेने दगड करणाऱ्या राक्षसिणीची, आणि लसूण घेणाऱ्याने रक्तपिपासू पिशाचाची शक्यता मनाशी धरलेली असते. व्लादिमिर प्रॉप यांनी लोककथेत मायावी वस्तूची प्राप्ती हे कथानकाचे एक कार्य मानले. येथे ती प्राप्ती कथानकापूर्वीच, खरेदीच्या रूपात उरकली जाते, आणि वस्तूचे प्रयोजन मात्र अनिश्चित राहते.

संचात नमुन्यादाखल 'झायलार्थेन' नावाच्या एका जादूगाराची नोंद आहे. त्याचे बल ६, बुद्धी ११ आणि विवेक १३. या अंकांचा विचार करता धर्मोपासकाचा वर्ग त्याला अधिक लाभदायक ठरला असता; परंतु जादूची आवड असल्यामुळे त्याने जादूगार होणे पसंत केले, असे स्पष्टीकरण नियमकर्त्यांनी जोडले आहे. ही ओळ हिशेबाच्या ओघात येते आणि सहज नजरेतून निसटते. वस्तुतः या कथनप्रकारातील व्यक्तिरेखेचा पहिला लिखित अंकुर तिच्यात आहे. अंक एक सुचवतात आणि आवड दुसरे निवडते. या दोहोंमधील अंतरातून स्वभाव जन्माला येतो. ई. एम. फॉर्स्टर यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर सपाट पात्राला त्रिमिती मिळण्याची शक्यता या अंतरात आहे. मात्र ती प्रत्यक्षात आणणे बैठकीवर सोपवलेले आहे.

पंचाच्या तयारीविषयीही हेच म्हणता येते. भूगर्भातील जगाचे किमान सहा मजल्यांचे नकाशे आधी काढावेत, त्यांत राक्षस आणि संपत्ती यांची वाटणी करावी, अशी सूचना तिसऱ्या पुस्तिकेत आहे. कथानक रचावे असे तीत कोठेही म्हटलेले नाही. तयारी स्थळाची आहे, घटनाक्रमाची नाही.

४

वस्तूंच्या बाबतीत या प्रकाराचा आरंभ दारिद्र्यातून झाला. अद्भुत प्राण्यांच्या लघुप्रतिमा तेव्हा बाजारात फारशा नव्हत्या. गायगॅक्स यांनी स्वस्त दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या प्राण्यांच्या एका पिशवीत काही ओळखू न येणारे विचित्र आकार होते. त्यांतूनच लोखंडाचा गंज करून टाकणारा 'रस्ट मॉन्स्टर', घुबड आणि अस्वल यांचा संकर असलेला 'आउलबेअर', आणि जमिनीखालून येणारा 'बुलेट' हे प्राणी निपजले. पहिले दोन १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आणि तिसरा १९७६ मध्ये 'द ड्रॅगन' या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात आला. कल्पना आधी आणि तिचे मूर्त रूप मागाहून, हा निर्मितीचा रूढ क्रम येथे लागू पडत नाही. वस्तूने वर्णनाची मागणी केली आणि वर्णन मागाहून आले. बहुफलकी फाशांचीही कथा अशीच आहे. ते मुळात गणित शिकवण्याचे शालेय साहित्य होते. त्यांच्या मऊ प्लास्टिकच्या कडा वापराने झिजत आणि अंक दिसावेत म्हणून त्यांत रंगीत खडू घासावा लागे. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा प्राथमिक संचात अंक छापलेले कागदी तुकडे घालून वेळ निभावण्यात आली.

भारतीय नाट्यमीमांसेतील आहार्य अभिनयाची संकल्पना या वस्तूंचे कार्य समजून घेण्यास साहाय्यभूत ठरते. भरताने कृत्रिम वस्तूंचा समावेश आहार्याच्या 'पुस्त' या भेदात केला आहे. भूमिकाखेळात खेळाडू बसूनच असतात, त्यामुळे आंगिकाला वाव थोडा. सारा भार वाचिक आणि आहार्य यांच्यावर येतो. याचे भान वाढत गेले तसे वस्तूंचे रूप पालटले. 'टूम ऑफ हॉरर्स' हे १९७५ मध्ये स्पर्धेसाठी योजलेले साहस १९७८ मध्ये छापले गेले, तेव्हा त्यासोबत खेळाडूंना योग्य क्षणी दाखवावयाच्या चित्रांची पुस्तिका होती. पुढे 'कॉल ऑफ कथुलू' या १९८१ च्या भयकथात्मक खेळाच्या १९८४ मधील 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' या मोहिमेत पत्रे, वृत्तपत्रांची कात्रणे, भेटकार्ड आणि काडेपेटीचे वेष्टन एवढा ऐवज हाती देण्यासाठी सिद्ध केलेला होता. अर्नेसन यांचे घरी केलेले ओळखपत्र आता छापील होऊन पेटीतून येऊ लागले. मात्र एक फरक पडला. ते ओळखपत्र खेळाडूने पंचापुढे ठेवले होते. ही काडेपेटी पंच खेळाडूपुढे ठेवतो. वस्तू बोलकी झाली, पण तिचे बोलणे आता एकाच दिशेने होऊ लागले.

५

तयारीने कथेला किती जागा सोडावी, या प्रश्नाची दोन टोके पात्राच्या मृत्यूच्या संदर्भात सर्वाधिक स्पष्ट दिसतात. मार्क मिलर यांच्या १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळविषयक खेळात पात्राचे पूर्वायुष्य चारचार वर्षांच्या सेवाकालांनी घडवले जाते. प्रत्येक कालखंडात जगण्यासाठी फासे टाकावे लागतात. ते प्रतिकूल पडले तर पात्र मोहीम सुरू होण्यापूर्वीच, पत्रकावरच मरते. येथे तयारी हीच एक संपूर्ण चरित्रकथा आहे.

दुसरे टोक १९८४ मधील 'ड्रॅगनलान्स' मालिकेचे. ट्रेसी हिकमन यांच्या 'ड्रॅगन्स ऑफ डिस्पेअर' या तिच्या पहिल्या भागात पात्रे नावे, स्वभाव आणि परस्परसंबंध यांसह आयती दिलेली आहेत. महत्त्वाच्या पात्राचा अंत शक्यतो संदिग्ध ठेवावा, म्हणजे पुढे त्याला परत आणता येईल, असा नियमही आहे. त्याच वर्षी मार्गारेट वाइस आणि हिकमन यांची या मालिकेवरील पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि लोकप्रिय ठरली. १९७७ मध्ये कथेपूर्वी मरू शकणारे पात्र सात वर्षांत कथेखातर मरू न शकणारे झाले. तयारीने कथानक गिळले, आणि खेळाडूकडे त्या कथानकाच्या पठणाचे काम उरले.

या ठिकाणी मराठी अभ्यासकाला कोकणातील दशावताराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दोहोंत ऐतिहासिक संबंध काहीच नाही. साम्य रचनेचे आहे. दशावतारातही प्रयोगापूर्वी आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद नट रंगमंचावरच उत्स्फूर्तपणे रचतो. परंतु आख्यानाचा शेवट तेथे नटाला आणि प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो, आणि तरीही प्रयोग रंगतो, कारण त्याचे स्वातंत्र्य उक्तीत आहे. भूमिकाखेळाचे मूळ स्वातंत्र्य फलिताचे होते. 'ड्रॅगनलान्स'ने ते फलिताकडून उक्तीकडे सरकवले. याला ऱ्हास म्हणण्याचे कारण नाही. एका कथनप्रकाराची दुसऱ्याकडे झालेली ही वाटचाल आहे. मात्र ती तयारीच्या कागदांतून घडली, बैठकीतून नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

६

कर्तृत्वाचा वादही अखेर या कागदांपाशीच येऊन थांबला. १९७७ ते १९७९ या काळात खेळाची 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्ती एकट्या गायगॅक्स यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. अर्नेसन यांनी १९७९ मध्ये मानधनासाठी दावा दाखल केला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. गायगॅक्स २००८ मध्ये आणि अर्नेसन २००९ मध्ये निवर्तले. खेळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या २०२४ मध्ये मूळ खर्डा आणि दोघांचा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. त्यांच्या टेबलांभोवती जे बोलले गेले ते मात्र कायमचे हरवले आहे.

त्यामुळे या प्रकाराच्या अभ्यासकाला कागद, नकाशे आणि वस्तू यांचेच वाचन करावे लागेल, आणि ते त्यांच्यातील रिकाम्या जागांसह करावे लागेल. झायलार्थेनच्या नोंदीत अनुभवाच्या रकान्यात काहीही जमा नाही. तो कोणत्या गुहेत उतरला आणि काय होऊन परतला, हे कोणी लिहिलेले नाही. त्याचे बल ६ होते आणि तरीही त्याला जादूगार व्हायचे होते, एवढेच लिखित आहे.